मास्तरांचे बारा शिपाई

"…आणि बंदूक कुठल्या खांद्यावर ठेवायची, बाबा? डाव्या की उजव्या?"

बुढनबाबा शेळीच्या खुरातला काटा काढत होता. त्याने मान वर केली नाही.

कडलासकर मास्तर ओट्यावर ऐसपैस बसले होते. गावाबाहेर चिंचेखाली हा बुढन फकिराचा तकिया, म्हणजे त्याची राहायची जागा. फकीर कुठून आला याच्या गावात सतरा कथा होत्या. कुणी त्याला काबूलकडचा म्हणे, कुणी ब्रह्मदेशचा. गावच्या न्हाव्याने तर त्याला ढगातून उतरताना पाहिलं होतं, आणि तेही शेळी बगलेत घेऊन.

सतराही कथा खोट्या. खरी गोष्ट एकच, बाबाच्या तोंडून एकदा चुकून निसटलेली. नवव्या वर्षी त्याला कुठल्याशा बंडखोरांनी शेतातून उचललं, आणि पुढची पाच वर्षं त्याने बंदूक चालवली.

मास्तरांना तेवढं पुरे होतं.

त्यांनी वर्गात युद्धाचा धडा घेतला, तर मुलं जांभया देत बसली. मग त्यांनी नाटकच लिहिलं, कोवळ्या वयात हाती बंदूक दिलेल्या मुलांचं. सुताराकडून लाकडी बंदुका करवून घेतल्या. गुरुवारी तालुक्याच्या नाट्यस्पर्धेत प्रयोग होता आणि पहिल्या नंबरची ढाल आपलीच, याबद्दल मास्तरांना शंका नव्हती. फक्त कवायत खोटी वाटत होती. म्हणून ते अस्सल माणसाकडे आले होते. बाबाने तासभर शाळेत यावं आणि मुलांना खरं कसं असतं ते दाखवावं, एवढंच त्यांचं मागणं.

काटा निघाला. शेळी लंगडत चरायला गेली.

"किती पोरं घेतलीस?"

"बारा."

"आणि वर्गात किती?"

"चाळीस."

"मग बारा निवडलीस कशी?"

मास्तर खुलले. निवड हीच तर त्यांची करामत. का, कशाला, असं विचारणारी पोरं त्यांनी आधीच गाळली. उरलेल्यांतली वसतिगृहातली तेवढी घेतली. घरची पोरं घेतली की सरावाला उशीर झाला म्हणून आया भांडायला येतात. वसतिगृहातल्यांची चौकशी करायला कोण येतंय?

"हं," बाबा म्हणाला. "कुणी रडलं?"

एक रडला होता. किसन, सगळ्यांत धाकटा. बंदूक नको म्हणायचा. पण मास्तर छडीवाले नव्हते. त्यांनी त्याला उरलेल्या अकरांचा नाईक करून टाकला. आता सगळ्यांत जोरात तोच ओरडतो. हे सांगताना मास्तरांना हसू आवरेना.

बाबा हसला नाही.

"आमचा सरदारही हुशार होता," तो म्हणाला. "मारायचा नाही."

बोलणं दुसरीकडे न्यावं म्हणून मास्तर म्हणाले, पोरं कशी तयार झालीत ते ऐका तर खरं. आणि गळ्यातली शिट्टी त्यांनी वाजवली. एक आखूड, एक लांब, पोरांना ताठ उभं करायची खूण.

बाबा उभा राहिला.

सत्तरीचा म्हातारा गुडघ्यावर हात टेकून, अल्लाचं नाव घेत उठतो, तसा नाही. ताडकन. टाचा जुळल्या. हनुवटी वर. नजर समोरच्या बाभळीच्याही पलीकडे. हातातला काटा मुठीत गच्च.

मास्तरांना ती थट्टा वाटली. "वा, बाबा! बसा आता."

बाबा बसला नाही.

"बसा ना, बाबा…"

म्हाताऱ्याच्या मुठीतून रक्ताचा बारीक ओघळ मनगटापर्यंत आला. माणूस बसेना.

तेव्हा मास्तरांना कालची दुपार आठवली. शिट्टी वाजवून मुलांना उभं केलं, आणि तेवढ्यात चहाचं बोलावणं आलं. चहा झाला, गप्पा झाल्या, पान झालं. परत आले तर बाराही पोरं भर उन्हात तशीच उभी. किसनच्या चड्डीतून पायावर ओल उतरलेली, पण पोरगं हललं नव्हतं.

आणि मास्तरांची छाती अभिमानाने फुगली होती. रात्री बायकोलाही कौतुकाने सांगितलं होतं.

ते उठले. बाबाची मूठ त्यांनी एकेक बोट सोडवत उघडली, काटा काढला, आणि म्हाताऱ्याला दंडाला धरून हळूच ओट्यावर बसवलं. स्वतः मात्र ओट्यावर बसले नाहीत. खाली मातीत बसले.

गळ्यातली शिट्टी त्यांनी काढली आणि खिशात टाकली.

"बाबा…" ते म्हणाले. "आता त्यांना काय शिकवू?"

बाबाने तळहात लुंगीला पुसला.

"उद्या त्यांना एक हुकूम सोड," तो म्हणाला. "आणि ते तो मोडेपर्यंत वाट बघ."