कोऱ्या पानांचा राखणदार

फार पूर्वी, पुस्तकांनाही भूक लागायची त्या काळी, एका मोठ्या तळ्याच्या बांधाच्या पायथ्याशी एक नगर होतं. नगरात एक ग्रंथालय होतं आणि ग्रंथालयात हजार पुस्तकं होती. हजार! प्रत्येक पुस्तक वेगळ्या रंगाच्या फडक्यात बांधलेलं, कपाटांना कुलपं, आणि दारात काठी घेऊन बसलेला एक म्हातारा राखणदार.

या राखणदाराला वाचता येत नव्हतं. तशी तिथली रीतच होती. "मांजराला दुधाची राखण कोण देतं? वाचणाऱ्याला पुस्तकं राखायला दिली तर तो वाचत बसेल," असं नगरातली शहाणी माणसं म्हणायची. शहाणी म्हणजे किती, ते पुढे दिसेलच.

पुस्तक हवं असेल तर कारभाऱ्याची मोहोर आणावी लागे. कारभारी विचारी, "तुझा धंदा काय? विणकर? मग आकाशातल्या ताऱ्यांचं पुस्तक तुला कशाला रे?" ज्याचा धंदा त्याचंच पुस्तक, आणि तेही दहा हेलपाटे घातल्यावर. हळूहळू लोकांनी मागणंच सोडलं. मोहोर नसताना कुणाकडे पुस्तक सापडलं, तर त्याला कायमचं हद्दपार करायचं, असा कायदा होता.

राखणदार मात्र मनापासून राबायचा. दर आठवड्याला कपाटं उघडून एकेक पुस्तक फडक्यातून काढायचा, पानं झटकायचा, पुन्हा बांधून ठेवायचा. वर्षागणिक पानं पांढरीशुभ्र होत चालली होती. तो सगळ्यांना अभिमानानं सांगायचा, "मी आलो तेव्हा पानापानावर काळे डाग होते. आता बघा, कशी लख्ख झालीत!"

लोक हसून मान डोलवायचे. बिचाऱ्याला काय कळतंय, असं त्यांना वाटायचं. आत डोकावून बघायची तसदी कुणीच घेतली नाही.

त्याच नगरात शेवंता नावाची कुंभाराची सतरा वर्षांची मुलगी होती. वाळवी चढू नये म्हणून ग्रंथालयात कपाटांच्या पायांखाली पाणी भरलेल्या मातीच्या वाट्या ठेवत. फुटक्या वाट्या बदलायला शेवंता टोपली घेऊन आठवड्याला यायची. वाचायचं तिला भारी वेड! आजीनं अक्षरं शिकवली होती, पण कुंभारकामाचं एक पुस्तक सोडलं तर वाचायला मिळणार काय? शेवटी एक दिवस तिनं धीर केला. पानं झटकायला कपाटं उघडलेली असताना राखणदाराची पाठ वळताच एक पुस्तक टोपलीतल्या गवताखाली सरकवलं. फडक्यात घरून आणलेली कोरी चोपडी बांधली, म्हणजे कपाटातला एकही रंग कमी दिसणार नाही.

घरी येऊन तिनं पुस्तक उघडलं. अक्षरं इतकी पुसट होती की दिसेनात! पण ती डोळे ताणून वाचत गेली, तशी एकेक ओळ गडद होत गेली. मैत्रिणींनी वाचलं तेव्हा ती काळीभोर झाली. पुस्तकांची भूक कसली आहे ते तिला त्या दिवशी कळलं. त्यानंतर तीन वर्षं ती दर आठवड्याला एक पुस्तक नेई, मडकी भाजायच्या आव्याच्या मागे बसून सगळ्याजणी वाचत आणि पुढच्या आठवड्यात ते परत कपाटात जाई. कपाटातली बाकीची पुस्तकं उपाशी मरताहेत, हे तिला दिसत होतं. पण सांगायचं तर चोरी कबूल करावी लागणार! ती गप्प राहिली.

आणि एका वर्षी तळं फुगलं. सकाळी पाणी बांधाच्या निम्म्यावर होतं, दुपारी काठाला टेकलं! बांधाला पाच मोऱ्या होत्या. त्या ठरलेल्या क्रमानं उघडल्या तरच पाणी नीट वाहून जाई, आणि तो क्रम फक्त तळ्याच्या पुस्तकात लिहिलेला होता.

"निळं फडकं!" कारभारी ओरडला. राखणदार धावत निळ्या फडक्यातलं पुस्तक घेऊन आला. कारभाऱ्यानं ते उघडलं. पान कोरं. पुढचं कोरं. शेवटचंही कोरं!

"फडकं चुकलं असेल! दुसरं आण! तिसरं आण!"

लाल फडकं, पिवळं फडकं, हिरवं फडकं, सगळी कोरी. राखणदार भाबडेपणानं म्हणाला, "किती स्वच्छ आहेत ना मालक?" आणि सगळ्यांचे चेहरे बघून तो थिजला.

"नगर सोडा!" कारभारी म्हणाला. "टेकडीवर चला. आणि गवंड्यांनो, सापडेल ती मोरी उघडा, चौथीपासून सुरुवात करा!"

गर्दीत शेवंता उभी होती. निळ्या फडक्यात तळ्याचं पुस्तक नाहीच, हे फक्त तिला ठाऊक होतं. ते तिच्या घरी गवताखाली होतं, काळ्याभोर अक्षरांचं. गप्प राहिली असती तर तिच्यावर कुणाला संशयही आला नसता. टेकडीवर जाऊन नवं घर बांधता आलं असतं. बोललं तर हद्दपारी, आणि आई, बाबा, मैत्रिणी पुन्हा दिसणार नाहीत.

"चौथी नको!" ती किंचाळली. "चौथीखालचा दगड पोकळ आहे, बांध फुटेल! आधी तिसरी, मग पहिली आणि पाचवी एकदम, शेवटी दुसरी!"

"तुला कसं ठाऊक?" कारभाऱ्यानं विचारलं.

"पुस्तक मी नेलंय. थांबा, आणते!"

ती जिवाच्या आकांतानं धावली. टोपली उलटी केली, पुस्तक उराशी धरून बांधावर आली. गवंड्याची पहार चौथ्या मोरीला लागलीच होती! कारभाऱ्यानं पान वाचलं आणि पहार स्वतःच्या हातानं खेचून काढली. तिसरी मोरी उघडली. मग पहिली आणि पाचवी. मग दुसरी. धो धो पाणी बाजूच्या ओढ्यात उतरलं आणि नगर वाचलं. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, नाचले, रडले.

मग कारभारी खाली मान घालून म्हणाला, "पोरी, उपकार झाले. पण कायदा तो कायदा. तुला जावं लागेल."

तेव्हा म्हातारा राखणदार पुढे आला.

"मालक, हिनं पुस्तकं नेली आणि जगवली. मी राखली आणि मारली. कुलपं तुमची, पहारा माझा. मग हद्दपार कुणी व्हायचं?"

कारभाऱ्यानं कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि शेवंताच्या हातात दिल्या. त्या दिवसापासून ग्रंथालयाला कुलूप लागलं नाही.

सगळी पुस्तकं उघडून पाहिली तेव्हा दीडशे जिवंत निघाली, शेवंताच्या टोपलीतून फिरून आलेली. राखणदार तिच्याकडे अक्षरं शिकायला बसला. एकदा त्यानं एक जाडजूड कोरं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "पोरी, हे कशाचं होतं गं?"

तिला सांगता आलं नाही. नगरात कुणालाच सांगता आलं नाही.

तात्पर्य, लहानांनो आणि थोरांनो: वाचून वाचून पुस्तक फाटतं खरं, पण कुलपात ठेवलं की ते मरतं.