खंड्याचा साचा

संगणकातल्या वस्तू एकमेकींशी बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. लिस्प ही संगणकाची भाषा शिकणाऱ्या ऋजुताने सरावासाठी 'कुत्रा' नावाचा साचा लिहिला. त्या साच्यातून एक कुत्रा घडवायचा, त्याला नाव द्यायचं आणि 'बोल' लिहिलं की पडद्यावर त्याने 'भू भू' म्हणायचं, एवढाच स्वाध्याय होता. ऋजुताने त्याचं नाव खंड्या ठेवलं. तिचा खराखुरा खंड्या गेल्याच महिन्यात गेला होता.

"बोल," तिने लिहिलं.

"भू भू," खंड्या म्हणाला.

ती पुन्हा पुन्हा तेच लिहीत राहिली. खंड्या खुशीत साच्याला म्हणाला, "किती जीव आहे हिचा माझ्यावर. ही काही मला सोडून जायची नाही."

साच्याला ऋजुताने फाइलमध्ये जपून ठेवलं होतं. खंड्याला मात्र लिस्प चालू असेपर्यंतच जागा होती. आईने जेवायला हाक मारली, ऋजुताने लिस्प बंद केलं आणि खंड्या नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच साच्यातून नवा खंड्या घडवला. मग रोजच घडवू लागली.

"अगं, हा स्वाध्याय तुला केव्हाच जमलाय ना?" एकदा आईने विचारलं.

"जमला गं. पण याला एकदा बोलू दे."

आत नुकताच घडलेला खंड्या साच्याला विचारत होता, "माझ्याआधी इथे कुणी होतं का रे?"

साच्याला सगळे आठवत होते.

"नाही रे," तो म्हणाला, "तूच पहिला. जा, ती बोलावतेय तुला."