छताला लागलेली रताळी

एका टेकडीच्या पोटात बुटक्यांचं एक गाव होतं. उजेडाशी त्यांचा संबंध नव्हता, पण खाण्यापिण्याची चंगळ होती. त्यांची भुयारं पायथ्याच्या शेताखालून जात, आणि भुयारांच्या छतातून रताळी लोंबत. बुटके ती खालून ओढून घेत. बदल्यात छताची माती भुसभुशीत ठेवत, घुशींना हाकलून लावत. रिवाज एकच होता: एका वेलाचं एकच रताळं घ्यायचं. तो कशासाठी, हे मात्र सगळे विसरले होते.

एका वर्षी रताळी काढायचं काम गिड्डोबाकडे आलं. गडी कामाला वाघ, पण खादाड.

"छताला आपोआप लागतात, मग हात आखडता कशाला घ्यायचा?" असं म्हणून त्याने सगळं छत ओरबाडलं. गावाने बोटं चाटत खाल्लं आणि गिड्डोबाला खांद्यावर घेऊन मिरवलं.

पुढच्या हंगामात छतातून नुसती दोऱ्यासारखी मुळं लोंबू लागली. कोठार रिकामं झालं. पोरं भुकेने रडू लागली. मिरवणारेच आता गिड्डोबाकडे डोळे वटारून बघू लागले. बिचारा लाजेने अर्धा झाला. आधीच होता केवढा! शेवटी छताला झालंय काय ते बघायला तो भोक पाडून वर आला. आजवर एकही बुटका वर गेला नव्हता.

वर त्या शेताची मालकीण भिवराबाई वाकून ज्वारी खुरपत होती.

गिड्डोबाने चाचरत विचारलं, "बाई, इथली रताळी कुठं गेली?"

"गेल्या साली लावली होती बाबा. घागरी वाहून वेल जगवले, आणि खणून बघते तर एकही नाही! म्हणून यंदा ज्वारी पेरली."

रताळी कुणीतरी लावतं, हे गिड्डोबाला आज कळलं. गुपचूप पळता आलं असतं, पण त्याने कान पकडले. "बाई, ती मीच नेली. आता खाली आमची पोरं उपाशी आहेत."

भिवराबाईने खुरपं उगारलं. मग त्या टीचभर चोराकडे बघता बघता तिला हसू फुटलं.

"माझं रान खालून भुसभुशीत करणारे तुम्हीच होय? मग खा की, पण मला ठेवून खा! चल, धर कुदळ."

तिने आधी पोरांसाठी टोपलीभर भाकरी दिल्या. मग बांधालगतच्या मोकळ्या पट्ट्यात दोघांनी रताळ्याचे वेल लावले. उन्हाने गिड्डोबाचं नाक लाल झालं, कंबर मोडून आली, पण मनावरचं ओझं उतरलं.

वेल भरले तेव्हा गिड्डोबाने प्रत्येकाचं एकेकच रताळं ओढलं, तेही लहानसं. मोठी रताळी त्याने खालून हलकेच वर सरकवली, भिवराबाईला फार खणावं लागू नये म्हणून.

तात्पर्य: जे आयतं मिळतंय असं वाटतं, त्यामागेही कुणाचा तरी घाम असतो. तो ओळखून आपल्या वाट्याचं तेवढंच घ्यावं.