तितरमावशी लावीच्या दारात

फार पूर्वी एका माळावर, आटलेल्या ओढ्याच्या दोन्ही काठांना पाखरं नांदत होती. एका उन्हाळ्यात वणवा पेटला आणि अलीकडचं सगळं गवत जळून गेलं. पलीकडच्या काठाला मात्र झळ लागली नाही.

अलीकडे एक लावी पक्षीण राहायची. तिची थोरली लेक ठिपकी रोज पलीकडे जायची आणि तितरमावशीच्या कुरणातलं गवताचं बी चोचीत भरून पळायची.

"चोरटी मेली!" मावशी ओरडायची. शेजारणींनी तर आपल्या पिलांना ठिपकीशी खेळायलाही बंदी केली.

एकदा मावशी रागारागाने तिच्या मागोमाग गेली. राखेतल्या खळग्यात लावी बसली होती. पिलांना वाचवताना तिचे पंख होरपळले होते. ठिपकीने आणलेलं बी तिने धाकट्यांना भरवलं.

"आई, तू?" ठिपकीने विचारलं.

"माझं कधीच झालं गं. तू खा."

"माझंही झालंय."

दोघींची पोटं खपाटीला गेली होती. मावशीचा राग कुठल्या कुठे पळाला.

"पोरी, मी तुला चोर म्हणाले, पण घरी काय चाललंय ते कधी विचारलं नाही. चला सगळे माझ्याकडे. गवत सगळ्यांना पुरेल."

त्या उन्हाळ्यात सगळी पिलं एकाच कुरणात वाढली. पावसानंतर अलीकडे गवत उगवलं, तेव्हा लावी घरी निघाली. तिचे डोळे भरून आले.

"मावशी, तुमच्या दाण्यांनी आम्ही जगलो. पण तुम्ही आमच्या दारात आलात ना, तेव्हापासून माझी लेक मान वर करून चालते."