धुराड्यावरचे घरटे

दीडशे वर्षांपूर्वी युरोपात, एका सम्राटाच्या मुलखात, नदीकाठच्या जुन्या ओकाच्या झाडावर एका करकोच्याचे घरटे होते. थंडीत तो दक्षिणेला जाई, ऊन पडू लागले की परते. मुलांनो, करकोच्यांत नर आधी येतो आणि जागा धरतो. मादी मागून येते. एका वर्षी तो आला, तर ओक तोडलेला. त्या जागी विटांचे उंच धुराडे उभे होते आणि खाली कापडाच्या गिरणीत यंत्रे बसवत होते. करकोच्याने उंची तेवढी पाहिली आणि धुराड्याच्या तोंडावर काटक्या रचल्या.

मादी आली. वाकून आत बघत म्हणाली, "अहो, हे पोकळ आहे. काठावरच्या वाळुंजाच्या झाडावर जाऊ या."

"वाळुंजावर बगळे राहतात," करकोचा म्हणाला. "एवढं उंच घर साऱ्या मुलखात कुणाचं नाही."

शहरातून आलेला एक कावळा तिथे टेकला होता. तो म्हणाला, "दादा, आमच्याकडे अशी चाळीस धुराडी आहेत. अंडी व्हायच्या आत बिऱ्हाड हलवा."

"तू मूळचा काळा. तुला धुराचं काय?"

"मी मूळचा काळा खरा. पण आमच्याकडच्या चिमण्याही आता माझ्याच रंगाच्या झाल्यात."

करकोच्याने मान फिरवली.

तीन पिल्ले झाली. ऊन चढले की करकोचा पंख पसरून त्यांच्यावर सावली धरी. पिल्ले उडायला अजून महिना होता, तोच खाली बँड वाजला, भाषण झाले, भट्टी पेटली. करकोच्याने नेहमीसारखे पंख पसरले. पण आच वरून नव्हती, खालून होती. "उचला त्यांना," मादी घिरट्या घालत म्हणत होती. करकोच्याला पिल्लू उचलता येत नाही. तो एकेकाला चोचीने ढोसत राहिला. आधी धाकटे निपचित पडले, मग दोन्ही थोरली. पंख करपले तरी तो जागचा हलला नाही.

सायंकाळी मादी एवढेच म्हणाली, "मी वाकून बघितलं होतं."

पुढच्या वर्षी करकोचा एकटाच आला. त्याने आठ दिवस वाट पाहिली. मागून कोणी आले नाही. खोऱ्यात नऊ धुराडी धूर सोडत होती. कापड तिप्पट निघते, राज्य भरभराटीला आले, असे लोक सांगत. करकोचा एक घिरटी घालून पुढे गेला. काठावरचे वाळुंजाचे झाडही तोडले होते; त्याला टेकायला झाड उरले नव्हते.

तात्पर्य : नव्या वैभवाची उंची पाहून भुलू नये, त्याच्या पोटात काय पेटणार आहे, हे पाहिल्याशिवाय त्यावर लेकरांचे घर बांधू नये.