तोमासा आत्या आणि आडवं झाड

पांघरुणं ओढा, पाय आत घ्या. मध्येच कुणी कुणाला चिमटा काढला तर गोष्ट रुसते, बरं का.

सात डोंगर आणि एक समुद्र ओलांडला की स्पेन नावाचा मुलूख लागतो. तिथे डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, वाल्देपिनो. चहूबाजूंनी पाइनचं जंगल. पाइनला आपल्यासारखी रुंद पानं नसतात, नुसत्या हिरव्या सुया. गावातली घरं दगडाची, आणि प्रत्येक घराच्या डोक्यावर टोपीसारखं निमुळतं धुराडं. ते एवढं मोठं, की सगळा स्वयंपाक त्याच्या पोटातच व्हायचा. बाहेर बर्फ पडलं की घरची सगळी माणसं तिथेच चुलीभोवती बसायची. पाळणा पाइनचा, बैलगाडी पाइनची, चुलीतलं जळणही पाइनचंच.

पण जंगलाची एक अट होती. दर मे महिन्यात गावाने एक उंचच उंच पाइन आणायचा आणि चौकात उभा करायचा. बैल जुंपायचे नाहीत. दोर लावून हातांनीच ओढायचा. आणि गावातला एकूण एक हात त्या दोराला लागला पाहिजे. तान्ह्या बाळाची मूठसुद्धा टेकवायची. दिवस मावळायच्या आत झाड उभं राहिलं, तर वर्षभर लाकूड मिळणार. नाही राहिलं, तर बसा कुडकुडत.

तर या गावात तोमासा नावाची म्हातारी राहायची, एकटीच. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. साठ वर्षं दोराचं पहिलं टोक तिच्या हातात असायचं. पण त्या वर्षी तिचे हात थरथरायला लागले. तिचा भाचा ब्लास गावचा प्रमुख होता, आपल्याकडे पाटील असतो ना, तसा. तो म्हणाला, "आत्या, यंदा तू घरीच बस. तुझे हात कापतात. आम्ही आहोत की."

बोलला तो प्रेमानेच. पण म्हातारीला फार लागलं. ती तडक निघाली. घरी आली, दार लावलं आणि चुलीवर घेवड्याचं कालवण ठेवलं.

मग चौकात गावाने दोर ओढला. झाड गुडघाभर उठलं आणि परत आडवं झालं. ब्लास म्हणाला, "दोर जुना झालाय. नवा आणा."

इकडे तोमासाच्या धुराड्यातून आवाज आला, "तोमासा, माझ्या पाठीला खडे टोचतात गं."

झाडच बोलत होतं, बरं का. तोमासा म्हणाली, "मग ऊठ की."

"तुझे हात लागल्याशिवाय कसं उठू?"

"माझे हात नकोत त्यांना," ती म्हणाली आणि कालवण ढवळत बसली.

मग नवा दोर आला. झाड कमरेएवढं उठलं, थांबलं, आळोखेपिळोखे दिले आणि पुन्हा निजलं. शाळेच्या वेळी तुम्ही करता, अगदी तस्सं. ब्लास म्हणाला, "ढोल वाजवा. अंगात जोर येईल."

धुराड्यातून आवाज आला, "तोमासा, आता मुंग्या चढायला लागल्या."

"बोलावणं आलं तर येईन, नाहीतर नाही," तोमासा म्हणाली. हट्टाला पेटली होती अगदी.

मग ढोल वाजला, पावा वाजला. झाडाने तालावर शेंडा तेवढा हलवला आणि पडून राहिलं. सूर्य डोंगराला टेकला.

धुराड्यातून तिसऱ्यांदा आवाज आला, पण हळूच. "तोमासा, दिवस चालला. ब्लासचं बाळ तीनच महिन्यांचं आहे ना गं?"

तोमासाने पळी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांपुढे ते बाळ आलं, बर्फात, विझलेल्या चुलीपाशी. "रुसायचं मी आणि गारठायचं पोरानं, हे काही खरं नाही," असं पुटपुटत ती उठली. बोलावणं आलंच नव्हतं. तरी निघाली.

तिला येताना पाहिलं आणि ब्लासचं तोंड एवढंसं झालं. "आत्या, मी विसरलोच गं, प्रत्येक हात लागायला हवा ते."

"विसरला नाहीस बाळा. माझे हात मोजायचेच नाहीत असं तू ठरवलंस," ती म्हणाली. "आता हो बाजूला."

मग तिने दोर धरला. हात थरथरले. ती थरथर दोरात गेली, दोरातून झाडात गेली, बुंध्यापासून पार शेंड्यापर्यंत. झाडाला झाल्या गुदगुल्या. ते खुदकन हसलं, झरझर सुया गळल्या, आणि सगळ्यांनी ओढताच ताडकन उभं राहिलं. मग सूर्य बुडाला.

मग सगळं गाव तोमासाकडे जेवायला गेलं. कालवण करपलं होतं, पण ब्लासने तीनदा मागून घेतलं. त्या थंडीत घरोघरी चुली पेटल्या आणि सगळी सुखात राहिली. आणि तेव्हापासून त्या गावात, ज्याचे हात सगळ्यात जास्त कापतात, त्यालाच दोराचं पहिलं टोक देतात.

हा माझा हात बघा. हाही थरथरतो. पण थोपटायला बरा आहे की नाही? मग मिटा डोळे.