कुमुदताईंची रानगाडी

निवृत्त झाल्यावर कुमुदताईंना डोंगरवाटा फिरायची हौस आली, म्हणून त्या एटीव्ही घ्यायला गेल्या. चार जाड चाकांची ही उघडी गाडी त्यांनी कधीच चालवली नव्हती, आणि रानात जायचं होतं एकटीनं.

दुकानमालक रणदिव्यांनी मिशीला पीळ देत सगळ्यांत अजस्र गाडीवर थाप मारली. "ताई, घ्यायची तर हीच! कोपऱ्यातली ती लहान गाडी म्हणजे पोरखेळ."

"आणि ही चिखलात रुतली तर?"

"नुसता फोन करा! आमची माणसं येऊन ओढून काढतात. रोजचंच आहे ते."

"माणसं रानात येतात कशावर?"

रणदिव्यांचा हात मिशीवरच थांबला. "त्या... लहान गाडीवर."

"मग मला तीच द्या," कुमुदताई हसल्या. "वाटेत तुमचं गिऱ्हाईक रुतलेलं दिसलं, तर मीच ओढून काढीन."